समुद्रकाठी राहून कविता लिहिताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्या कवीचा रोजचा दिवस कसा असतो, या विषयावरचे प्रश्न गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी काही पत्रे निवडून, थोडक्यात संपादित करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : बदली होऊन मी एका बंदराच्या गावी आलो आहे. घरासमोर समुद्र आहे, पण दिवसाचा मोठा भाग कचेरीत जातो आणि संध्याकाळी लिहिण्याचे त्राण उरत नाही. नोकरी सोडून दोन-तीन वर्षे साठवलेल्या पैशांवर काढावीत आणि पूर्ण वेळ कविताच लिहावी, असे मनात येते. समुद्रकाठी राहिलेल्या मोठ्या कवींनी असेच केले असेल ना?

उत्तर : काहींनी केले, पण त्यांचे पुढे काय झाले हे पाहिल्यावर आपण राजीनाम्याचा कागद काही काळ खणातच ठेवाल, अशी आमची अटकळ आहे. त्याआधी ज्याने नोकरी सोडली नाही अशा एका कवीची हकिकत सविस्तर सांगतो, कारण आपली आणि त्याची परिस्थिती बरीच मिळतीजुळती आहे.

ग्रीक कवी कॉन्स्टंटिन कव्हाफी याचा जन्म १८६३ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या बंदराच्या शहरात झाला. घराणे व्यापाऱ्याचे होते, पण १८७० मध्ये वडील वारले, पुढे धंदा बसला आणि मुलांवर पोटासाठी नोकऱ्या शोधण्याची पाळी आली. कव्हाफी १८९२ पासून १९२२ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पाटबंधारे खात्यात कारकून होता. परदेशी नागरिक असल्यामुळे त्याची जागा कायम नव्हती, तिचे नूतनीकरण होत राहिले. बालपणीची काही वर्षे इंग्लंडमध्ये गेल्यामुळे त्याचे इंग्रजी उत्तम होते आणि खात्याचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणे हे त्याचे मुख्य काम होते. जोडीला त्याने शेअरबाजारात दलालीही केली. कारकून, दलाल आणि विसाव्या शतकातल्या युरोपीय कवितेतले एक अव्वल नाव, हे तिन्ही एकाच कोटाच्या आत नांदत होते.

त्याच्या बाजूने एक गोष्ट होती. कचेरी दुपारी सुटत असे, त्यामुळे उरलेली दुपार आणि रात्र त्याची स्वतःची असे. १९०७ पासून अखेरपर्यंत तो शहरातल्या एकाच माडीवर राहिला. तिथे त्याने विजेचे दिवे घेतले नाहीत. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे असत, आणि कोणता पाहुणा किती उजेडात बसवायचा हे तो स्वतः ठरवीत असे. एकेक कविता तो वर्षानुवर्षे घासत राही. मनासारखी झाली की स्वतःच्या खर्चाने सुट्या कागदावर छापून घेई, असे कागद चिमट्यात एकत्र अडकवून निवडक मित्रांना देई आणि कुणाकडे काय गेले याची यादी ठेवी. पुढे एखादी ओळ बदलाविशी वाटली तर हाताने दुरुस्ती करी. आपल्या कवितांचा संग्रह त्याने हयातीत कधीच विक्रीला काढला नाही. स्वतः मान्य केलेल्या त्याच्या कविता फक्त १५४ भरतात. इतक्या कवितांना तीस वर्षांच्या नोकरीनंतर उरलेला वेळ पुरला, असे म्हणण्याचा मोह होतो; पण नोकरीपायी आपले किती लेखन हुकले याची खंत त्याने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवली आहे, म्हणून नोकरीचे गोडवे गाण्यासाठी त्याचा दाखला कुणी देऊ नये.

आता दुसरी बाजू. डिलन टॉमस हा कवी १९४९ पासून वेल्समधील लार्न या खाडीकाठच्या गावी राहिला. घराच्या वरच्या अंगाला, पूर्वी मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या लाकडी खोपटात बसून तो लिहीत असे आणि समोर खाडीचे विस्तीर्ण पात्र दिसे. तो आपण म्हणता तसा पूर्ण वेळ लेखक होता, आणि पूर्ण वेळ कर्जातही होता. घर चालवण्यासाठी त्याला नभोवाणीची कामे घ्यावी लागत, अमेरिकेत जाहीर काव्यवाचनाचे दौरे करावे लागत. अशा चौथ्या दौऱ्यात, नोव्हेंबर १९५३ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्यात मद्याचा वाटा होता हे खरे, पण दौऱ्यांची निकड नसती तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

तेव्हा नोकरी सोडण्याऐवजी तिचे तास बदलून मिळतात का हे आधी विचारावे. सकाळची पाळी मिळाली तर थोड्या कमी पगारावरही ती घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कामावरून दमून आलेल्या माणसाला तासभर झोप घेऊन पुन्हा लिहायला बसता येते; देणेकऱ्याच्या निरोपाने बिथरलेल्या माणसाला ते साधत नाही.

प्रश्न : लिहिण्यासाठी दिवसाची कोणती वेळ चांगली? समुद्राच्या सान्निध्यात पहाटे कविता सुचते असे पुष्कळजण म्हणतात.

उत्तर : पहाटेविषयी पुष्कळजण पुष्कळ काही म्हणतात आणि त्यांतले निम्मे लोक नऊला उठणारे असतात. अमेरिकन कवी रॉबिन्सन जेफर्स कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे समुद्रासमोर राहत असे. तो सकाळी लिही आणि दुपारी दगड वाही. आपले घर बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली मजूर म्हणून राबून तो गवंडीकाम शिकला, आणि १९१९ मध्ये घर उभे राहिल्यावर किनाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे धोंडे वर आणून त्याने शेजारी एक बुरूज काही वर्षांत स्वतःच्या हातांनी उभारला. याउलट इंग्लिश कवी फिलिप लार्किन १९५५ पासून मरेपर्यंत इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. दिवसभर ग्रंथालय आणि रात्रीच्या जेवणानंतर दोनेक तास लेखन असा त्याचा क्रम असे. टॉमस दुपारी बसे. तिघांनीही वेळ निवडली ती अंगावरच्या इतर कामांच्या हिशेबाने.

समुद्रकाठच्या माणसाला मात्र एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती म्हणजे वारा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. बहुतेक किनाऱ्यांवर तो सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास ओसरतो. रात्री जमीन लवकर निवते, मग मतलई वारा उलट दिशेने, जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये, सकाळी आणि सांजेला, काही वेळ हवा जवळजवळ स्तब्ध असते. उघड्या खिडकीशी सुटे कागद घेऊन बसायचे असेल तर हीच वेळ धरावी. दुपारी बसणाऱ्याने बांधलेली वही वापरावी, नाहीतर दर कागदावर एकेक वजन ठेवावे.

भरती-ओहोटीशी मात्र लेखनाची वेळ कधीही बांधू नये. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असेल तर चार दिवसांनी ती दहाच्या पुढे गेलेली असते, आणि घड्याळातली तीच वेळ गाठायला जवळपास पंधरवडा जातो. उघड्या पडलेल्या वाळूवरून फिरायला जाणे भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे ठरवावे आणि लेखन भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. दोन्ही एकत्र करू पाहणारे लोक आठवडाभर उत्साहाने टिकतात, मग दोन्ही सोडतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी समुद्रकाठी राहायला आले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कवितेत समुद्र येतो. एका संपादकांनी ‘समुद्र पुरे’ असा शेरा मारून कविता परत पाठवल्या. जे रोज डोळ्यांसमोर आहे ते लिहू नये का?

उत्तर : संपादकांचा शेरा उद्धट आहे, पण बिनबुडाचा नसावा. समुद्राविषयी ‘अथांग’, ‘अनंत’, ‘निळाई’, ‘गाज’ या शब्दांत लिहिलेल्या कविता संपादकाच्या टेबलावर रोज येऊन पडतात, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी कोण किनाऱ्यावर राहतो आणि कोण सुटीत चार दिवस येऊन गेला, हे कवितेवरून ओळखू येत नाही. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या समुद्राबद्दल आपल्याला असे काहीतरी माहीत असणार, जे पाहुण्याला ठाऊक नसते: ओहोटीच्या वेळी वाळूत उरलेल्या ओघळांची दिशा, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कसे अर्ध्यातच घुटमळते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते कुठल्या पायरीपर्यंत चढते, खिडकीच्या काचेवर साचणारा पांढरट थर पहिल्यांदा कोणत्या कोपऱ्यात दिसतो. ज्या कवितेत असे काही नाही तिच्यातला समुद्र काढून पाहावा. कविता उभी राहिली तर तो नकोच होता.

कव्हाफीचे या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तो आयुष्याचा बहुतेक काळ बंदरात राहिला, पण त्याच्या कवितांत प्राचीन राजे आहेत, पराभूत सेनापती आहेत, भाड्याच्या खोल्या आणि आठवणी आहेत. निसर्गवर्णन जवळजवळ नाही. ‘सकाळचा समुद्र’ अशा अर्थाच्या शीर्षकाची त्याची एक लहानशी कविता आहे. तिच्यात तो किनाऱ्यावर थांबतो, आपणही जरा निसर्ग बघू या म्हणतो, सकाळच्या समुद्राचे आणि निरभ्र आकाशाचे रंग सांगतो, आणि लगेच कबूल करतो की पहिला क्षणभरच आपण हे खरोखर पाहिले, आता येथेही आपल्याला दिसतात ती आपलीच स्वप्ने आणि आठवणी. समुद्राची कविता लिहिण्याचा हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. (त्याच्या समोरच्या भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नाममात्र असते. महासागराच्या काठी राहता तर त्याला तो एवढा दृष्टीआड करणे जमले असते की नाही, हा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन जातो.)

प्रश्न : लाटांची लय ऐकत राहिल्याने कवितेची लय सुधारते का? त्यासाठी मी रोज अर्धा तास किनाऱ्यावर बसतो.

उत्तर : बसावे, प्रकृतीला चांगले आहे. लयीसाठी मात्र फार आशा ठेवू नये. वृत्ताचा सगळा आधार मात्रांच्या नियमित पुनरावृत्तीवर असतो आणि लाटा नियमित येत नाहीत. निरनिराळ्या ठिकाणच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटांच्या रांगा एकमेकींत मिसळून किनाऱ्याला लागतात, म्हणून कधी मोठ्या लाटांचा एक घोळका येतो आणि मग बराच वेळ किरकोळ लाटा येत राहतात. सातवी लाट हमखास मोठी असते ही समजूतही त्या घोळक्यांवरूनच पडली असावी; मोजायला बसले की ती टिकत नाही. दोन लाटांमधले अंतर वाऱ्याप्रमाणे काही सेकंदांपासून पंधरा-वीस सेकंदांपर्यंत बदलते, आणि इतक्या अवधीत सावकाश वाचली तरी कवितेची एखादी ओळ, कधी कधी आख्खे कडवे होऊन जाते.

कुणी म्हणेल की मंदाक्रांता वृत्तात लाट ऐकू येते: पहिली चार अक्षरे गुरू, जणू पाणी जडपणे वर चढते आहे, मग ओळीने पाच लघू, जणू ते फुटून धावत सुटले, आणि पुढची आठ अक्षरे आस्ते आस्ते मागे सरताना. हे आम्हालाही ऐकू येते. पण संस्कृतात हे वृत्त अजरामर झाले ते ‘मेघदूता’मुळे, आणि तिथला दूत ढग आहे, लाट नव्हे. कान तयार करायचे असतील तर त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटे वृत्तबद्ध कविता मोठ्याने वाचण्याला द्यावीत. किनाऱ्याचा फायदा असा की लाटांच्या आवाजात आपले वाचन शेजारच्यांना ऐकू जात नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या कवितांच्या वह्यांना बुरशी आली आहे, टाचण्यांचा गंज पानांवर उतरला आहे आणि काही पाने एकमेकांना चिकटली आहेत. वह्या लोखंडी कपाटात बंद करूनही असे कसे झाले? उपाय सांगावा.

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला. कवीच्या दिनक्रमावर भाषणे होतात, वह्यांची निगा मात्र कुणी शिकवत नाही.

लाटा फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांतले पाणी हवेतच सुकते आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरात येतात. हे कण कागदावर, कपाटाच्या फटीत, टाचणीच्या डोक्याखाली बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन पाझरू लागते. म्हणजे खोली कोरडी वाटत असली तरी टाचणीभोवती खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार असतो आणि लोखंड गंजायला तेवढा पुरतो. गंजाचा तपकिरी डाग आधी टाचणीच्या आकाराचा असतो, मग त्याच्याभोवती फिकट वलय पडते, आणि काही वर्षांनी तेवढाच तुकडा ठिसूळ होऊन गळतो. बुरशीला मीठही लागत नाही. आर्द्रता सतत ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा खेळती नसली की तिचे काम सुरू होते. आपल्या कपाटाने नेमकी हीच सोय करून दिली. बाहेरच्या थंड, ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेले बंद लोखंडी कपाट आतली दमट हवा अडवून ठेवते.

पहिले काम म्हणजे साऱ्या टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि लोखंडी क्लिपा काढणे. गंजलेली पीन ओढू नये. तिचे दोन्ही पाय मागच्या बाजूने सुरीच्या बोथट टोकाने सरळ करून मग हलकेच सोडवावी. सुटे कागद पुन्हा जोडायचे असतील तर सुती दोऱ्याने शिवावेत किंवा दुमडलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवावेत. बुरशी आलेली वही घरात झटकू नये, तिचे बीज इतर पुस्तकांवर बसते. वही आधी सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात उभी उघडून पूर्ण सुकवावी. मग नाकातोंडाला फडके बांधून, उघड्यावर, मऊ ब्रशाने पुसावी. कडक उन्हात तासन्‌तास वाळत घालण्याची घाई करू नये, कारण उन्हाने शाई उडते आणि कागद पिवळा पडतो. चिकटलेली पाने जोर लावून सोडवण्यापेक्षा तशीच राहू दिलेली बरी. तो मजकूर अमोल असेल तर कागदपत्रांचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवावा.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आत वह्या दाटीने कोंबू नयेत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावून रंग बदलला की वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापराव्यात. कोरड्या हवेच्या दिवशी कपाट उघडे टाकावे, दमट दिवशी मिटावे. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे होते, ‘आज फार कोंदटले आहे’ म्हणून पावसाच्या दिवशी दारे उघडली जातात.

यापुढच्या लेखनासाठी शिसपेन्सिल वापरता आली तर फार उत्तम, कारण तिची रेघ पाण्याने फुटत नाही. बॉलपेनची शाईही पुष्कळ तग धरते. जेलपेन आणि साध्या फाउंटनपेनच्या शाया बहुधा फुटतात. जे आधीच लिहिलेले आहे त्याचे पान-पान छायाचित्र काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे, आणि हे काम वह्या साफ करण्याच्या आधी करावे, नंतर नव्हे.

प्रश्न : लहान गावात साहित्यिक वातावरण नाही. वर्षातून एखादे संमेलन घडते, बाकी लोक मला ओळखतात ते वाढदिवसाच्या चारोळ्या आणि मानपत्रे लिहून देणारा म्हणून. शहरात जावे का?

उत्तर : जॉर्ज मॅके ब्राउन हा कवी १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस या बंदराच्या गावी जन्मला आणि १९९६ मध्ये ऑर्कनीतच वारला. शिक्षणासाठी मुख्य भूमीवर काढलेला काळ सोडला तर तो गावातून फारसा हललाच नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये त्याने पहिल्यांदा पाऊल टाकले ते १९८९ मध्ये, म्हणजे साठी उलटून गेल्यावर. तरुणपणी क्षयाने ग्रासल्यामुळे नेहमीची नोकरी त्याला झेपली नाही. सकाळची न्याहारी झाली की त्याच टेबलावरची भांडी बाजूला सारून तो लिहायला बसे, आणि स्थानिक साप्ताहिकात गावच्या घडामोडींवर, हवामानावर, जुन्या माणसांवर सदर लिही. ते सदर त्याने अखेरपर्यंत, अनेक वर्षे चालवले. गावकऱ्यांना तो कवीपेक्षा सदरकार म्हणून अधिक परिचित असला पाहिजे.

यावरून चारोळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. मानपत्र लिहिताना आपण एखाद्या माणसाचे चाळीस वर्षांचे काम त्याच्या घरच्यांकडून ऐकून घेता: कोणती होडी कधी बुडाली, कोणते दुकान कसे उभे राहिले, कुणी कुणाशी किती वर्षे अबोला धरला. मानपत्रात यातले एक वाक्य जाते, बाकी सगळे आपल्याकडे राहते, आणि कादंबरीकार याच ऐवजासाठी वणवण करतात. चारोळ्यांचे पैसे घ्यावेत, हे मात्र आवर्जून सांगतो. फुकट लिहून देणाऱ्याकडे लोक आदल्या रात्री येतात.

चांगला वाचक मिळण्याची अडचण खरी आहे. त्यासाठी शहरात बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही. दूरच्या दोन-तीन कवितावाचकांशी नियमित पत्रव्यवहार ठेवावा, त्यांना अर्धवट खर्डे पाठवावेत आणि त्यांचेही वाचावेत. कव्हाफीने आपला वाचकवर्ग नावनिशीवार यादी करूनच बांधला होता.

प्रश्न : लिहिण्याचे टेबल समुद्राकडे तोंड करून ठेवावे की पाठ करून?

उत्तर : आडवे ठेवावे, खिडकी डाव्या हाताला घेऊन, डावखुरे असाल तर उजव्या हाताला. समोर पाणी घेतले तर दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या वेळी त्याच्यावरून परतणारी तिरीप थेट डोळ्यांत येते आणि डोके दुखते, पाठ केली तर आपलीच सावली कागदावर पडते. शिवाय दुपारी खारा वारा सुटल्यावर खिडकी उठून लावायची नसेल तर ती बसल्या जागेवरून हाताशी हवी.